पाच तारीख

आबांचा पेपरचा धंदा होता. उदगीरात सत्तर घरं.
एक तारखेपासून ते वसुलीला निघत,
कॅरिअरला पावतीबुक, कानावर पेन,
आणि हंडरगुळे वकिलांच्या दारात हमखास ऐकत :
"उद्या या."
काही उद्या पोळ्यापर्यंत लांबत,
काहींवर चहा मिळे,
एकीवर तर मुलीच्या लग्नाची पत्रिका मिळाली.

माझी अभ्यासिका आहे, नळेगाव रोडला,
बँकेच्या वरच्या मजल्यावर. अठ्ठेचाळीस खुर्च्या,
दर खुर्चीला एक प्लग, आणि एक कूलर
जो मार्चपासून खोकतो.
मी कुणाच्या दारात जात नाही.
प्रवेशाच्या दिवशी एकदाच चौकोन पुढे करते,
लोक तो स्कॅन करतात, पिन दाबतात,
आणि त्या एका होकारातून
पुढचे सगळे होकार आपोआप निघत राहतात,
उसवलेल्या स्वेटरच्या लोकरीसारखे.

चार तारखेला ज्याचं खातं त्याला निरोप जातो :
उद्या नऊशे रुपये वजा होतील.
पाचला पहाटे, मी दात घासत असताना,
खिडकीत फोन थरथरतो :
जमा. जमा. जमा. शिल्लक अपुरी. जमा.
शिल्लक अपुरी असली तरी यंत्र भांडत नाही,
सहाला पुन्हा येऊन कडी वाजवतं, आठला पुन्हा,
घरात कोण आजारी ते विचारत नाही.
मग गप्प बसतं आणि मला नाव कळवतं.
मला हे बरं वाटतं. खोटं कशाला बोलू.
एवढंच, की कोण कसं आहे
ते आता मला माहीत नसतं.

सत्तावीस नंबर. मन्मथ बिरादार.
दिवाळीनंतर खुर्चीत फक्त त्याची उशी,
निळी, मधे दबलेली.
पैसे मात्र वेळेवर. नोव्हेंबर जमा. डिसेंबर जमा.
खातं वडिलांचं : गुरुनाथ बिरादार,
देवणीच्या आडतीत मापाडी.
दिवसभर दुसऱ्याचं सोयाबीन मोजणारा माणूस.

जानेवारीत मी मन्मथला फोन लावला.
मागे प्रेस मशीनचे ठोके.
"मॅडम, मी चाकणला हाव, कंपनीत.
आप्पाला सांगितलं नाही.
तेवढं बंद करू नका. त्यो मेसेज
आडतीत सगळ्यांना दाखवतेत,
लेकराची फीस कटली म्हणून."

आता हे कोणत्या रकान्यात लिहू?
पैसे मला, निरोप त्यांना,
खुर्ची कुणालाच नाही.
आबा गावाला गेलेल्या घराचे
तेवढे दिवस मोजून वजा करत,
पावतीच्या मागे, पेन्सिलीनं.

फेब्रुवारी मी घेतला. तेही सांगते.
वीजबिल आलं होतं.

मार्चच्या तीन तारखेला, रात्री,
यादीतल्या त्या नावावर बोट ठेवलं.
यंत्रानं विचारलं, नक्की?
थांबवायलाही एकच होकार लागतो,
फक्त त्याचं बटण फिकट रंगाचं असतं.

पाच तारीख. जमा. जमा. शिल्लक अपुरी. जमा.
सत्तावीसची ओळ नव्हती.
अकराच्या सुमारास अनोळखी नंबर.
मागे पोती पडल्याचा आवाज,
कुणीतरी मोठ्यानं आकडे मोजतंय,
आणि घसा साफ करणारा एक माणूस :

"मॅडम, मी मन्मथचा बाप.
काल मेसेज आला नाही. आज पैशे कटले नाहीत.
खात्यात हायत, बँक उघडल्या उघडल्या बघून आलो.
लेकरू बरं हाय ना?"

मी म्हणाले, थांबा, बघते.
आणि फोन कानाला तसाच धरून,
कशासाठी कोण जाणे, खरंच उठून
सत्तावीस नंबरपर्यंत चालत गेले.